एकशे एकवीस अंश

पोरं मला तांडेलमामा म्हणतात.
आडनावात होडी आहे, पण ती आजोबांनीच विकली;
मी सव्वीस वर्षं बेलापूरच्या कॉलेजात
काचेच्या नळ्या धुतो, आगर शिजवतो,
आणि संध्याकाळी ऑटोक्लेव्ह लावतो:
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
आत जिवंत गेलेलं जिवंत बाहेर येत नाही.

दिवाळीनंतर श्रावस्ती म्हणाली, मामा, गाळ हवाय.
दिवाळ्याच्या खाडीतला. वरचा नको, वीतभर खालचा.
म्हटलं, बाई, तिथे अख्ख्या शहराचं सांडपाणी येतं.
म्हणाली, म्हणूनच. तिथे जगलेले कुठेही जगतील.
ओहोटीला गुडघाभर उतरलो,
घरच्या लोणच्याच्या बरणीत
काळा, वास मारणारा गाळ भरून आणला
आणि तिच्या टेबलावर ठेवला.

त्यातून त्यांनी एकच जात वेगळी काढली.
उपासमार झाली की हे कवच करून आत बसतात, ती सांगत होती,
खात नाहीत, वाढत नाहीत, मरतही नाहीत.
मी म्हटलं, आमच्या आळीत असे पुष्कळ आहेत.
ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहीत होती.

डबा थर्माकोलचा, मासळीबाजारातला.
तीनदा धुतला तरी सुरमई जाईना.
त्यावर चंदेरी कागद, आत नळ्या, वर कॅमेरा,
आणि तौसीफच्या अक्षरात मार्करने:
हा बॉम्ब नाही. कृपया फोन करा.
परवानग्यांची फाईल डब्याहून जड झाली.
इथल्या आभाळात विमानांची गर्दी,
म्हणून फुगा घेऊन सगळे मुरबाडच्याही पलीकडे गेले.

मी गेलो नाही.
त्याच गाळातल्या त्याच जातीच्या सहा नळ्या
मागे राहिल्या होत्या, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात.
त्यांना कंट्रोल म्हणतात.
न गेलेल्यांशी ताडून पाहिल्याशिवाय
गेलेल्यांचं काय झालं ते कळत नाही.

दहा वाजता मेसेज आला: अठरा किलोमीटर.
मग एकतीस. हवा जवळपास नाहीच, ऊन नागडं.
मग काही नाही.
दोन तास चाळीस मिनिटं काही नाही.
मी बीकर धुतले. धुतलेलेच परत धुतले.

फुगा फुटला होता, ठरल्याप्रमाणे.
वाऱ्याने डबा घाटापार नेऊन
ओतूरच्या अलीकडे एका शेतात टाकला.
फोनवर बाई म्हणाली,
तुमचा तो बॉम्ब नसलेला डबा आमच्या कांद्यात पडलाय,
आणि कुत्रं त्याच्याजवळून हलंना.

रात्री अकराला धुळीने माखलेले आले
आणि हात धुऊन तसेच प्लेटा भरायला बसले.
सदतीस अंशांवर एक दिवस, एक रात्र.
खाली राहिलेल्यांच्या वसाहती दोनशे सात.
वरून आलेल्यांच्या एकोणीस.
श्रावस्तीने काचेवर बोट टेकवत तीनदा मोजलं,
मग दाराशी येऊन म्हणाली, एकोणीस, मामा,
बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणून सांगावं तसं.

मग परीक्षा आल्या. पोस्टर छापलं, फोटो निघाला,
मला मधोमध उभं केलं.
एक नळी चिठ्ठी लावून जपून ठेवली,
बाकीच्या प्लेटा नियमाप्रमाणे माझ्याकडे.
आभाळाला जे पुरतं जमलं नाही
ते मला पंधरा मिनिटांत जमतं.
त्या संध्याकाळी झाकणाचे स्क्रू आवळताना
हात जरा सावकाश चालला, एवढंच.
शिट्टी झाली. आगर वितळून एक झालं.
वास आला, पेजेसारखा.

बरणी तेवढी घरी नेली, बायको कधीची मागत होती.
काय ठेवलेलं हिच्यात, म्हणाली,
आणि उकळतं पाणी ओतलं, काठोकाठ.
मी बघत उभा होतो. म्हटलं,
अजून एकदा ओत. लई चिवट असतात.